राजीनामा देतात की करतात

"भाऊ, माहे पैसे काहून कापले?"

देवीदास रामटेकेनं हे भैय्यालाल सेठच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या भर ऑफिसात विचारलं, मोठ्यानं विचारलं आणि मराठीत विचारलं. यातली शेवटची गोष्ट श्रीपादला सगळ्यात जास्त झोंबली. टाइपरायटर थांबला, पावत्या फाडणारा हात थांबला, कूलरसमोर बसलेल्या दोन व्यापाऱ्यांनी मान वळवून आधी देवीदासकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. भाऊ! म्हणजे हा खाकी शर्टातला ट्रेलर ड्रायव्हर श्रीपादसारख्या मुख्य हिशेबनिसाचा कोणीतरी लागतो. "क्या हुआ देवीदास, आराम से बोलो," श्रीपाद हिंदीत म्हणाला, आणि ती हिंदी त्यानं मुद्दाम जरा संथ, जरा वरून टाकली. पण देवीदासच्या कानांना तिचा स्पर्शच झाला नाही. तो आपला टेबलाच्या कडेवर दोन्ही पंजे रोवून मराठीतच पुढे बोलत राहिला, की माहा साळा रेल्वेत गार्ड हाय, त्याले बी रस्त्याचा भत्ता भेटते, त्याच्या भत्त्यावर कर नाही कापत, मंग माह्या खुराकीवर काहून कापून राहिले? त्याच्या अंगाला डिझेलचा आणि उन्हाचा वास येत होता. टेबलाच्या काचेवर त्याच्या पंजांची ओली वाफ उमटली होती. श्रीपादला ती काच ताबडतोब पुसावीशी वाटली, आणि आपल्याला असं वाटतंय हे त्या माणसाला कळलंय असंही वाटलं, म्हणून त्याला आणखी राग आला.

राजधानी झाल्यापासून रायपुरात 'आप कहाँ के हैं' हा प्रश्न फार वाढला होता. भोपाळहून बदलून आलेले अधिकारी विचारत, दिल्लीहून उतरलेले ठेकेदार विचारत, परवापर्यंत गल्लीत पतंग उडवणारी आणि आता दिव्याच्या गाडीतून फिरणारी माणसंसुद्धा विचारत. श्रीपाद 'यहीं का हूँ' म्हणायचा आणि विषय संपायचा. त्याची हिंदी इतकी स्वच्छ होती की पुष्कळांना तो अलाहाबादकडचा वाटे. ते ऐकून तो गालातल्या गालात हसे. ही स्वच्छता काही आपोआप आली नव्हती. तात्यापारा मोहल्ल्यात कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बाबाराव, म्हणजे त्याचे वडील, पोरांना दोन भाषा शिकवत, आणि त्या एकमेकींना शिवू देत नसत. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. जेवताना ताटाला कोणी 'थाली' म्हणालं की ते ताट पुढून उचललं जायचं आणि पोर रिकाम्या पाटावर, बाकीच्यांची जेवणं होईपर्यंत, बसून राहायचं. उलट, बाहेरच्या माणसासमोर तोंडातून मराठी शब्द निसटला तर घरी आल्यावर कान पिळला जायचा. बाबाराव अकोल्याहून नोकरीसाठी इथं आलेले, परक्या गावात शब्द चुकला की माणूस चुकतो असं त्यांचं ठाम मत. ते मत श्रीपादच्या अंगात असं मुरलं की पन्नाशीच्या उंबऱ्यावरही कोणी दोन भाषांची खिचडी करून बोललं की त्याच्या पोटात कुठंतरी भूक लागल्यासारखं व्हायचं. आणि हा देवीदास तर खिचडीच बोलायचा, वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगढी, जे तोंडाला येईल ते, आणि त्याचं कधीच कुठलंच ताट कोणी उचललेलं नसावं, इतका निर्धास्तपणे बोलायचा.

"मी आयकरच्या ऑफिसात जाऊन विचारतो," देवीदास म्हणाला. "नवं मोठं ऑफिस झालं म्हंते. तिथचा सायब काय सांगते, पाहू."

श्रीपादच्या पाठीतून घामाचा एक थेंब सरळ खाली उतरला. कारण देवीदासचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे त्या अख्ख्या ऑफिसात फक्त श्रीपादला माहीत होतं. पूर्वी भैय्यालाल सेठचे सगळे ड्रायव्हर रोखीवर असत, करबिराची भानगड नव्हती. मग सिमेंटच्या मोठ्या कारखान्याचं काम मिळालं आणि कारखान्यानं अट घातली, ड्रायव्हर पगारपत्रकावर पाहिजेत. पगारपत्रक आलं, बँकेत खाती आली, मागोमाग आयकराची कपात आली. ट्रेलर चालवणाऱ्या जुन्या गड्यांची खुराकी, म्हणजे रस्त्यावर असतानाचा खाण्यापिण्याचा भत्ता, पगारापेक्षा जड. तेव्हा सेठच्या सीएनं श्रीपादला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की वाहतुकीच्या धंद्यातल्या नोकराला असा भत्ता मिळाला तर त्यातल्या मोठ्या हिश्श्यावर कर लागत नाही, कायद्यातच सूट आहे, फक्त तो माणूस 'दैनिक भत्ता' घेणारा नसला पाहिजे, तेव्हा नाव जरा सांभाळून द्या. श्रीपादनं नाव सांभाळलं. खुराकी हा शब्दच त्याला आवडत नसे. त्यात त्याला गव्हाणीचा, पहिलवानांच्या आखाड्याचा वास यायचा. इतक्या मोठ्या कारखान्याकडे जाणाऱ्या कागदांवर तो शब्द शोभला नसता. म्हणून त्यानं सगळीकडे एक स्वच्छ, वळणदार, देखणा शब्द घातला, दैनिक भोजन भत्ता. लिहिताना त्याला फार बरं वाटलं होतं. आणि त्या एका देखण्या 'दैनिक'मुळे सगळ्या ड्रायव्हरांची सूट गेली होती. वर्षाचे कपातीचे दाखले तयार होऊन सेठच्या सह्या झाल्यावर ही गोष्ट त्याच्या लक्षात आली. दुरुस्ती करता आली असती. पण दुरुस्ती करायची म्हणजे आधी सेठसमोर उभं राहून, मी शब्द चुकलो, असं म्हणायचं. ते त्याच्यानं झालं नाही. तसे सगळे ड्रायव्हर गप्प होते, कर म्हणजे सरकार कापतं एवढंच त्यांना ठाऊक. हा एकच कुठूनतरी गार्ड साळा घेऊन उगवला होता.

त्यानं देवीदासकडे पाहिलं. पानानं लाल झालेले दात, कानावर एक अर्धी विडी, आणि चेहऱ्यावर भांडणाचा मागमूस नाही. तो रागावलेलाच नव्हता! तो नुसता विचारत होता, जसं एखाद्या घरच्या माणसाला विचारावं. हे घरचेपण त्याला कोणी दिलं होतं? श्रीपादनं तर नव्हतं दिलं. उलट तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुर्गच्या फेरीनंतर त्यानं देवीदासला चार हात दूरच ठेवलं होतं. बसवाल्यांचा संप होता, श्रीपाद दुर्गच्या नाक्यावर रुमाल डोक्यावर घेऊन उभा, आणि देवीदासचा ट्रेलर फुसकन थांबला. 'या ना भाऊ, वर या.' वर केबिन म्हणजे एक छोटं घरच होतं, आरशाला निळी फीत बांधलेली, समोर हात उंचावलेल्या बाबासाहेबांचं चित्र, सीटच्या मागं गादी आणि तिच्यावर धुतलेली चादर. वाटेत कुम्हारीच्या आसपास देवीदासनं गाडी बाजूला घेतली आणि डबा उघडला. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. श्रीपादला नाही म्हणायचं होतं. त्याच्या ओठांवर उपास वगैरे आलंही होतं. पण ती जवसाची चटणी नाकात शिरली, आईच्या हातची, अकोल्याची, वर्षानुवर्षं न खाल्लेली, आणि त्याचा हात त्याला न विचारता पुढे गेला. त्यानं खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, चटणी पुन्हा मागितली. घरी त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, रामटेकेच्या डब्यातलं खाल्लं हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही, आणि जीभ उचलत नाही याचीही त्याला लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी देवीदासनं मात्र आनंदानं अख्ख्या ऑफिसला ऐकवलं, 'भाऊनं माह्या मीराबाईच्या हातची चटनी दोनदा मांगितली!' सगळे हसले. भैय्यालाल सेठही हसला आणि म्हणाला, 'भई, आप लोग तो एक ही हो।' त्या दिवसापासून श्रीपाद त्या माणसाचा मनापासून, नेमानं, सकाळी आंघोळीच्या वेळेपासून द्वेष करत आला होता. आपण एक नाही, हे त्याला ओरडून सांगायचं होतं. पण कुठल्या भाषेत सांगायचं हा प्रश्न होता.

"श्रीपादजी!" आतून सेठचा आवाज आला. भैय्यालाल सेठच्या काचेच्या खोलीत थंड मशीन नुकतंच बसलं होतं आणि दार लागलं की बाहेरचं जग एकदम मुकं व्हायचं. सेठनं विचारलं, क्या चिल्ला रहा है वो? श्रीपादनं सांगितलं, कर कटौती का कुछ ग़लत समझ बैठा है, इनकम टैक्स दफ़्तर जाने की बात कर रहा है. 'ग़लत समझ बैठा है' हे त्यानं अगदी सहज म्हटलं. सेठनं तोंड वाकडं केलं. त्याला आयकराच्या ऑफिसचं नाव दुपारच्या जेवणानंतर ऐकायला आवडत नसे. कोणताही साहेब एका ड्रायव्हरची कपात बघायला आला की नुसती तेवढीच बघून जात नाही. "आपका आदमी है," सेठ म्हणाला, "आप ही सँभालिए। थोड़ा हाथ में दे दीजिए, चाय-पानी का। और राजीनामा करवा लीजिए, क़िस्सा ख़तम।"

आपका आदमी. बाहेर येताना श्रीपादच्या कानात ते दोन शब्द वाजत होते. त्याखालचा शब्द हळूहळू, मागाहून ऐकू आला. राजीनामा. सेठला काय म्हणायचं होतं यात तिळभर शंका नव्हती. हिंदीत राजीनामा म्हणजे समेट, दोन्ही बाजू राजी. ठाण्यात, कोर्टात, ट्रकवाल्यांच्या आयुष्यात तर पावलोपावली राजीनामे होतात. गाय आडवी आली, सायकलवाला घसरला, की ठाणेदार दोघांना समोरासमोर बसवतो आणि राजीनामा होतो. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. एकच शब्द, अक्षरसुद्धा वेगळं नाही. फरक असतो तो क्रियापदात. राजीनामा तिकडे करतात, इकडे देतात. बाबारावांनी हे त्याला शिकवलं होतं का, ते आठवेना. पण शिकवलं असतं तर ताट उचलूनच शिकवलं असतं.

त्यानं देवीदासला समोर बसवलं. तो बसेना, उभाच राहिला. श्रीपादनं कोरा कागद घेतला आणि हिंदीत लिहायला सुरुवात केली, कारण ऑफिसचे कागद हिंदीतच असायचे. मैं, देवीदास रामटेके, अपनी मर्ज़ी से, बिना किसी दबाव के. अक्षर छान येत होतं. कटौती को लेकर आगे कोई दावा नहीं करूँगा. कूलरचं पाणी टपटप पडत होतं. तथा आज कंपनी से राजीनामा. इथं हात थांबला. आता हे मात्र खरं सांगायला हवं, की तो थांबला. पुढे श्रीपादनं स्वतःला कितीही वेळा सांगितलं की माझा हात मराठी, सवयीनं लिहून गेला, घरच्या भाषेतलं क्रियापद आपसूक आलं, अशी चूक कुठल्याही मराठी माणसाच्या हातून होईल, तरी तो हात आधी थांबला होता. त्या थांबण्यात त्याला लाल दात दिसत होते, काचेवरचे पंजे दिसत होते, जवसाची चटणी दिसत होती आणि आयकराच्या ऑफिसातला कोणी अनोळखी साहेब 'दैनिक' या शब्दावर बोट ठेवून सेठला विचारताना दिसत होता, ये किसने लिखा है. मग हातानं लिहिलं, देता हूँ.

"वाचून दाखवा ना भाऊ."

श्रीपादनं वाचलं. शेवटच्या दोन शब्दांवर त्यानं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. देवीदास हसला. "हव, हव, राजीनामा. मले माहीत हाय. कोंडागावच्या ठाण्यात केला होता ना, त्या बैलगाडीवाल्यासंगं. मंग त्यानंच चहा पाजला." आणि त्यानं सही केली, मराठी शाळेतली, एकेक अक्षर सोडवून काढलेली, वेलांटी चुकलेली सही. वेलांटी चुकलेली पाहून श्रीपादला अगदी मनापासून समाधान झालं. ज्याला आपलं नाव धड लिहिता येत नाही त्यानं शब्दांच्या वाटेला जावंच कशाला? देवीदासनं चहापाण्याचे पैसे न मोजता खिशात घातले, म्हणाला, "तुमी होते म्हनून झालं. सेठ त हिंदीतच बोलते, मले अर्धं समजते अन् अर्धं नाही समजत." आणि गेला.

सेठनं कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "ये क्या? राजीनामा देता हूँ?" तो काही बुद्धू नव्हता, वर्षानुवर्षं मराठी मुनिमांशी त्याची गाठ. "आप लोगों में तो राजीनामा मतलब इस्तीफ़ा होता है ना? तो ये नौकरी छोड़ रहा है?" या क्षणी श्रीपादला एवढंच म्हणायचं होतं की नाही हो, हाताची चूक, देता हूँ नाही, करता हूँ. चार शब्द. खोलीत इतका गारवा होता की घामानं भिजलेला त्याचा शर्ट पाठीला थंड चिकटला. "जी," तो म्हणाला. या 'जी'त एक अक्षरही खोटं नव्हतं, आप लोगों में त्याचा अर्थ तोच होतो. सेठनं खांदे उडवले. जुना ड्रायव्हर गेला तर नवा कमी पगारात येतो, आणि जाणारा हक्क सोडून जातोय, सेठला तर दोन्हीकडून फायदा. "चलो, ये तो और भी अच्छा।"

त्या संध्याकाळी चौबे कॉलोनीतल्या घरी चहा पिताना श्रीपादनं उगाचच, वर्तमानपत्रात कोडं अडल्यासारखं विचारलं, "अनुश्री, राजीनामा म्हणजे काय गं?" मुलगी एका हातात बिस्किटांची बशी घेऊन कॉलेजची फाइल शोधत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. "समझौता, पापा। कोर्ट वाला।" स्वयंपाकघरातून त्याची बायको सुशीला म्हणाली, "काहीतरीच काय! राजीनामा म्हंजे नोकरी सोडणं. काहून, तुमी देऊन राहिले का?" आणि आपल्याच विनोदावर हसली. श्रीपादही हसला. घरातच दोन अर्थ असतील तर एका कारकुनाच्या हातानं काय करावं? निम्मं घर आपल्या बाजूचं आहे, असं त्यानं ठरवलं आणि दुसरा कप मागितला. पण मग त्याला वाटलं, की मुलीला 'समझौता' नाही, 'समेट' म्हण, असं सांगावं, उंबऱ्याच्या आत मराठी असं दटावावं, आणि तिच्या हातातली बशी पाहून त्यानं आपला कप खाली ठेवला. आपल्याला तिची बशी उचलावीशी वाटली होती. सुशीलानं विचारलं, चेहरा असा का झाला. तो म्हणाला, उकडतंय. आणि उकडतच होतं, त्यात काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवीदास किल्ली घ्यायला आला तेव्हा त्याचा ट्रेलर आवारात नव्हता. कोणा नव्या माणसानं पहाटेच भरून नेला होता. त्याची गादी, चादर, डबा, ते चित्र आणि आरशाची फीत एका गोणपाटात बांधून भिंतीला लावून ठेवलेली. श्रीपादनं खिडकीतून पाहिलं. देवीदास त्या गाठोड्याजवळ उकिडवा बसून होता, मग उठून आवाराचा एक फेरा मारून आला, जणू ट्रेलर कुठंतरी मागं उभा असेल, मग पुन्हा येऊन बसला. आवारातल्या हमालांनी त्याला काय झालं ते सांगितलं असावं, कारण तो एकदा मोठ्यानं 'काऽय?' म्हणाला. तो आत येऊन आपली गचांडी धरेल असं श्रीपादला वाटलं. तेच बरं झालं असतं, असंही वाटलं. मारामारी करणाऱ्या माणसाबद्दल कोणाला काही वाटून घ्यावं लागत नाही. पण देवीदास आत आलाच नाही. त्यानं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गुढियारीच्या रेल्वेपुलाकडे चालू लागला. आपण या माणसाला ओळखत नाही, असं श्रीपादनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. हिंदीत म्हटलं तर ते खरं वाटलं. मराठीत वाटलं नाही. त्याची सगळी सकाळ या घालमेलीत गेली, आणि घालमेल व्हावी असं आपण काय केलं म्हणून तो देवीदासवरच चिडत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवीदास आला तो बायकोला घेऊन. मीराबाईला श्रीपादनं कधी पाहिलं नव्हतं, तिची फक्त चटणी खाल्ली होती. सावळी, ठेंगणी, पांढरं स्वच्छ लुगडं, खांद्याला अंगणवाडीची कापडी पिशवी. ती तुमसरला मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली आणि गेली कित्येक वर्षं गुढियारीत अंगणवाडी चालवणारी, हे देवीदासच सांगायचा, अभिमानानं, ज्याला-त्याला. देवीदासचा चेहरा दोन दिवसांत उतरला होता, पण श्रीपादला बघून तो उजळला. "भाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "सेठनं आपल्या दोघायले फसवलं. तुमी लिहिलं समजोत्याचं, अन् त्यानं नोकरीच काढून घेतली. तुमी सोबत चाला, सेठले समजून सांगा." त्याच्या मनात दुसरी शक्यता आलीच नव्हती. श्रीपादच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दे ना, हरामखोरा! थुंक. हा विश्वास कशाला माझ्या अंगावर टाकतोस? आणि मग त्याची नजर मीराबाईकडे गेली. तिच्या डोळ्यांत विश्वासबिश्वास काही नव्हता. तिनं कागद पाहिला नव्हता, पण नवऱ्यानं घरी तो पाठ म्हणून दाखवला असणार, आणि ती मराठी शाळेत शिकलेली होती. 'देता हूँ' तिथंच तिच्या कानाला लागलं असणार. ती त्याच्याकडे असं बघत होती, जसं दुधात पाणी घालणाऱ्याच्या हाताकडे बघतात.

तिघं सेठच्या खोलीत गेले. दार लागलं. सेठ वैतागलेला होता. नव्या ड्रायव्हरनं पहिल्याच फेरीत जगदलपूरच्या वाटेवरच्या केशकाल घाटात गाडी अडकवून ठेवली होती आणि कारखान्यातून दोनदा फोन आला होता. "हाँ, बोलो," तो म्हणाला. देवीदासनं तोंड उघडलं, पण मीराबाईनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि ती बोलू लागली, सेठकडे बघत, मराठीत. "सेठजी, माह्या मालकानं नोकरी सोडली नाही. त्यायले सोडाची नव्हती. ज्यानं कागद लिहिला त्याले दोन्ही भाषा येतात. त्यानं जानून 'देतो' लिहिलं. काहून लिहिलं, ते त्याले इचारा. अन् खुराकीवर कर काहून कापला, ते बी त्यालेच इचारा."

"अवं, हिंदीत सांग ना," देवीदास पुटपुटला. "तुले त येते."

"तुमी चूप राहा. हे सांगतीन." आणि तिनं श्रीपादकडे मान वळवली.

सेठच्या कानावर एक-दोन शब्द ओळखीचे पडले असतील, पण तिची बोली भरभर होती आणि त्याचं अर्धं लक्ष टेलिफोनकडे होतं. "क्या कह रही है, श्रीपादजी? बताइए।" तिनं सांगितलेलं सगळं श्रीपादच्या डोक्यात हिंदीत तयार होतं, एकेक वाक्य, एकेक क्रियापद जागच्या जागी, इतकं नीट भाषांतर त्यानं आयुष्यात केलं नसेल. आणि त्याच वेळी त्याला दिसलं, की सेठला हा ड्रायव्हर आज हवाच आहे. घाटात गाडी अडकलीय. या दोघांनी नुसतं वाकावं, याची सेठ वाट बघतोय. "कह रही हैं," श्रीपाद म्हणाला, आणि त्याचा आवाज स्वच्छ, संथ, अलाहाबादकडचा लागला, "कि आदमी से ग़लती हो गई। बिना सोचे नौकरी छोड़ दी। माफ़ी माँग रही हैं, सेठजी। कटौती की बात भी अब नहीं उठाएँगे। आप रख लीजिए।"

देवीदास बायकोकडे बघू लागला. 'माफ़ी' त्याला समजलं होतं, पण ती असं काही बोललेली त्याला आठवेना. मीराबाईच्या मानेची एक शीर उडत होती. तिनं आता नुसतं तोंड उघडायचं होतं. तिला हिंदी येत होती, अधिकाऱ्यांच्या बैठकांत उभी राहून बोलणारी बाई ती. एका वाक्यात तिनं श्रीपादला उघडा पाडला असता. मग सेठ चिडला असता, चौकशी झाली असती, कोण खोटं कोण खरं यात दिवस गेले असते, आणि नोकरी गेली असती ती गेलीच असती. श्रीपाद हे सगळं तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक येताना बघत होता. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली, शरम वाटावी इतका, आनंद होत होता. तिनं नवऱ्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

सेठ मागे रेलला. माफी ऐकली की तो मोठ्या मनाचा व्हायचा. "चलो, हो जाती है ग़लती। अभी बस पकड़ के केशकाल जाओ, गाड़ी निकालो। श्रीपादजी, वो काग़ज़ फाड़ दीजिए। और कटौती की बात दोबारा मुँह से निकली, तो फिर देख लेना। बाई को अपनी भाषा में समझा दीजिए।"

श्रीपादला मीराबाईकडे बघून बोलावं लागलं. "कपातीबद्दल पुन्हा बोलायचं नाही," तो मराठीत म्हणाला. त्याची स्वतःची मराठी त्याला या खोलीत प्रथमच ऐकू आली. ती त्याच्या कल्पनेपेक्षा फार बारीक निघाली.

मीराबाईनं पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि सेठला म्हणाली, हिंदीत, एकही अक्षर न अडखळता, "सेठजी, इन्होंने जो बताया, मैंने वही कहा था।"

सेठ चकित झाला. "अरे! आपको तो हिंदी आती है। फिर मराठी में काहे बोलीं?"

"इनके मुँह से सुनना था।"

सेठला यात काही कळलं नाही, तो हसला आणि फोन उचलून केशकालचा नंबर फिरवू लागला. देवीदास तर केव्हाच दार उघडं टाकून बाहेर पडला होता, आवारातून कोणाला तरी जगदलपूरची बस किती वाजता म्हणून विचारत होता. मीराबाई मात्र जागची हलली नाही. ती श्रीपादकडे बघत उभी राहिली, न रागानं, न रडून, नुसतं त्यानं आधी डोळे खाली घालावेत म्हणून. त्यानं घातले.